चादरी घेत नाही

९ जानेवारी

धाकटे,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचा असतो. पण तू तो घेशील की तसाच परत पाठवशील याचा नेम नाही, म्हणून सध्या माझ्याजवळच ठेवते.

फोन तू उचलत नाहीस. पहिल्यांदा वाटलं, हात ओले असतील. मग वाटलं, इतके दिवस कोणाचे हात ओले राहतात. पत्ता आपल्या कर्जाच्या गटातल्या अंडीवालीकडून घेतला. ती देत नव्हती. "तुम्हा दोघी जावांच्या मध्ये मला घेऊ नका," म्हणाली. मी म्हटलं, मध्ये घेत नाही, फक्त जरा बाजूला हो. तिला काही बोलू नकोस.

कामाचं आहे म्हणून लिहितेय, उगाच नाही. तू गेलीस तेव्हा फळीवर एक शर्ट राहिला. निळ्या रेघांचा, कॉलर उलटवून शिवलेली. आतून तुझा हिरवा दोरा, दोन गाठी. मी आपली शाईने खूण करणारी. तुझ्या दोऱ्यांची भाषा मला कधी कळली नाही आणि तू शिकवलीही नाहीस. शर्ट कोणाचा ते कळव. कोणी मागायला आलं तर माझी पंचाईत होईल.

बाकी ठीक आहे. दुकान उत्तम चाललंय. सकाळी इस्त्री तापायला लावते, बोट ओलं करून बघते, चुर्र झालं की सुरू. विजेच्या इस्त्रीला बोट लावायची गरज नसते हे मला माहीत आहे, तापली की तिचा दिवा विझतो. पण कोळशाची सवय जात नाही. दुपारी जेवायला बसत नाही, उभ्यानेच काहीतरी खाते. वेळ वाचतो.

लोक विचारतात, धाकटी कुठे गेली. मी सांगते, भाऊजींना गवंडीकामाचं मोठं काम मिळालं, तिकडेच इमारत उभी राहतेय, म्हणून सगळी तिकडे गेली. खोटं नाही ते. तुझी पाटी अजून भिंतीवर आहे. काढायला शिडी लागते आणि शिडी शिवणवालीने नेलीय.

शर्टाचं तेवढं कळव.

थोरली


२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी रोज बघते आणि तोही मला रोज बघतो. आता तो आमच्या दारावरून जाताना सायकल जरा जोरात मारतो. शर्ट फळीवरच आहे, वरून कागद घातलाय.

आज कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चष्मेवाल्या बाई येऊन गेल्या. प्रशिक्षणात शिकवलेलं आपण वापरतो की नाही ते बघत त्या फिरतायत. नेमका त्याच वेळी स्टेशनजवळच्या लॉजचा मॅनेजर आला. त्यांच्याकडे चादरी धुऊन येतात पण चुरगळलेल्या. दर सोमवारी गाठोडं पाठवीन म्हणाला, महिना संपेपर्यंत सांगा नाहीतर दुसरीकडे देतो. मी आत पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय ते बोटाने दाखवलं. 'चादरी घेत नाही.'

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "मागणी दारात आलीय, विजेची इस्त्री आहे, टेबल तर जेवणावळीला पुरेल एवढं मोठं आहे. मग अडलं कुठे?"

मी म्हटलं, "टेबल मोठं आहे बाई, पण चादरीला दोन टोकं असतात."

"मग मदतनीस ठेवा," म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाईंना मी नावं ठेवणार नाही. दुकानाचा डबा आणि घराचा डबा वेगळा ठेवायला त्यांनीच शिकवलं. कोटाला आणि शर्टाला एकच दर लावायचा माझा गाढवपणाही त्यांनीच बंद केला. पण चादर म्हणजे काय हे त्यांना कसं सांगायचं? दोन कोपरे तुझ्या हातात, दोन माझ्या हातात, आधी एक झटका, मग ओढून घ्यायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं. तू टोकं माझ्या हातात द्यायचीस आणि वाकून खालची घडी उचलायचीस. आपल्या घरातलं सगळं काही त्या चालण्यात ठरलंय. तुला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं मला चादरीच्या मधोमध कळलं. हे गेले त्यानंतर मी पहिल्यांदा हसले तेसुद्धा तिथेच; काय बोलली होतीस ते विसरले, पण चादर खाली पडली होती आणि परत धुवावी लागली होती.

बाई गेल्यावर मला एकटीलाच हसू आलं. या टेबलाच्या दोन बाजू याच बाईंनी तर मापून घेतल्या होत्या. आठवतं? कोळशाच्या धुराने तुझा खोकला थांबेना. दोघींना दोन विजेच्या इस्त्र्या हव्या होत्या आणि संस्थेचा नियम असा की एका घरात एकच कर्ज. दुसरं हवं तर दुसरा धंदा दाखवा. तू म्हणालीस, "मग दाखवू की. दाखवायलाच तर आहे, आतून आपण एकच." मी म्हटलं, पाट्या मी रंगवते. 'थोरलीची इस्त्री', 'धाकटीची इस्त्री'. ह्यांनी एवढ्या हौसेने केलेल्या टेबलावर मधोमध खडूने रेघ मारली. तुझा गल्ला बिस्किटाच्या डब्यात, माझा चहाच्या डब्यात. कर्जाचे साहेब बघायला आले आणि म्हणाले, "एकाच खोलीत दोन दुकानं, तुमचं जमतं कसं?" तू इस्त्रीवरून मान वर न काढता म्हणालीस, "आम्ही एकमेकींशी बोलतच नाही, साहेब." ते गेल्यावर आपण दोघी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो होतो.

रेघ संध्याकाळी पुसायची होती. कोणी पुसायची ते ठरलं नव्हतं.

मग प्रशिक्षण सुरू झालं. शेजारच्या दुकानापेक्षा आपण वेगळं काय देतो ते लिहा, असं बाईंनी फळ्यावर घातलं. तुझ्या शेजारी मी, माझ्या शेजारी तू. तू लिहिलंस 'घरपोच', मी लिहिलं 'त्याच दिवशी'. शिकलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून दोघींनी ते केलंही. गिऱ्हाईक उंबऱ्यावर थबकायला लागलं, इकडे देऊ की तिकडे. खडू पुसला जातो म्हणून भाऊजींनी रेघेवर लाकडाची पट्टी ठोकली. पट्टीमुळे टेबलावरचं ब्लँकेट नीट बसेना, म्हणून ते कात्रीने दोन केलं. प्रत्येक वेळी कारण अगदी बरोबर होतं.

त्यानंतरचं, बँकेतल्या माणसाच्या जळालेल्या पांढऱ्या शर्टाचं, मी काही लिहिणार नाही. तो शर्ट तुझ्या बाजूला होता.

थोरली


२७ फेब्रुवारी

धाकटे,

लॉजचा मॅनेजर पुन्हा येऊन गेला. त्याला दुसरं कोणी मिळालेलं नाही, मार्च अखेरपर्यंत थांबतो म्हणाला. बाईंचं ऐकून मी मदतनीस ठेवून पाहिली. शिवणवालीची नणंद. बाई कष्टाळू आहे, तिचा काही दोष नाही. पण मी ओढते तेव्हा ती सोडते आणि मी सोडते तेव्हा ती ओढते. एकदा तर चादरीसकट मी तिच्या अंगावर गेले. घडी घालताना ती गप्प असते. मी काही विचारलं तर "हो" म्हणते आणि नाही विचारलं तरी अधूनमधून "हो" म्हणते. चार दिवसांनी आपणहून म्हणाली, "मला तुमच्याकडे जमत नाही, तुम्ही दरवेळी माझ्या मागे कोणीतरी असल्यासारखं बघता." मी तिला पूर्ण आठवड्याचे पैसे दिले.

मग घरच्याच चादरीवर एकटीने करून पाहिलं. दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधली आणि दुसरी दोन धरून चालत गेले. जमतं. घडी वाईट होत नाही. पण गज काही पुढे येत नाहीत, सगळं अंतर आपणच चालायचं. पुठ्ठा काढला नाही.

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहूनही तू उत्तर देत नाहीसच.

दर बुधवारी गटाची बैठक असते. तू गेलीस तरी गट पाचाचाच आहे. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या चौघींच्या मानेवर, हे आपण पाचही जणींनी सही करून घेतलंय. तू तुझा हप्ता अंडीवालीकडे पाठवतेस. माझ्याकडे नाही पाठवत, ते असू दे. साहेब नाव पुकारतात आणि अंडीवाली म्हणते, "धाकटीचे आले." मी ते ऐकायला जाते. आले म्हणजे तू बरी आहेस, तुला काम आहे, तुझा हात चालतोय. मागच्या एका बुधवारी ती म्हणाली, "अजून नाही आले," आणि माझ्या हातातला चहा सांडला. सगळ्यांना वाटलं, आता हिला भरावे लागतील म्हणून हिचं धाबं दणाणलं. संध्याकाळी आले म्हणून तिने निरोप पाठवला तेव्हा मी जेवले.

काल अंडीवालीने सांगितलं, तुझा पुढच्या महिन्यात शेवटचा हप्ता. सगळ्या म्हणाल्या, सुटली बाई एकदाची. मीही म्हणाले. घरी आले, दिवा लावला, टेबलाच्या माझ्या बाजूला उभी राहिले आणि मला रडू आलं. पुढच्या बुधवारांना मला कोण सांगणार? कोणाचं कर्ज फिटतंय म्हणून रडणारी जगात मी एकटीच असेन. धाकटे, मला इथे फार एकटं वाटतं. दुकान भरलेलं असतं तेव्हा जास्त वाटतं.

हे वाचून तुला वाटेल, म्हातारी लाडात आली. वाटू दे.

थोरली


१४ मार्च

धाकटे,

एक गंमत सांगायची राहवत नाही. मला भाषण करायला बोलावलं होतं. मला.

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, नव्या तुकडीतल्या बायकांना तुमची यशाची गोष्ट सांगा, त्यांना हुरूप येईल. तीच खोली. तोच पंखा, अजून तसाच कटकट वाजतो. तू जिथे बसायचीस त्या खुर्चीचा पाय आता दोरीने बांधलाय. मी दोन दिवस पाठ केलं होतं: कोळशाची इस्त्री, विजेची इस्त्री, दोन डबे, वेगळे दर. इथपर्यंत सगळं व्यवस्थित म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही चुकून वाजवल्या.

मग प्रश्न विचारा म्हणाल्या. पुढच्या रांगेत दोघी माय-लेकी होत्या, चपला दुरुस्त करणाऱ्या. दोघी एकाच पेटीवर बसतात, आई टाके घालते, लेक सोल चिकटवते. लेक म्हणाली, "मावशी, आम्हाला दोन मशिनं हवीत, पण एका घरात एकच कर्ज. साहेब म्हणतात, दोन दुकानं दाखवा. आम्ही दाखवणार आहोत. आतून आम्ही एकच."

अगदी तुझेच शब्द. आवाजसुद्धा तसाच, थोडा नाकातला.

पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "नका दाखवू. एकच कर्ज घ्या, एकच पेटी ठेवा, दुसरं मशिन वर्षाने घ्या. पाटी लावली की लोक ती वाचतात. मग वाचता वाचता आपल्यालाही ती खरी वाटायला लागते." पुढे म्हटलं, "माझं दुकान छान चाललंय. खोटं नाही सांगत. पण मी दुपारी उभ्याने जेवते."

पंखा तेवढा वाजत होता. आई लेकीकडे बघत होती आणि लेक फळ्याकडे.

बाहेर बाई म्हणाल्या, "तुम्हाला मी यशाची गोष्ट सांगायला बोलावलं होतं." आवाजात राग होता. मी म्हटलं, सांगितली की. थोडा वेळ त्या चष्मा पुसत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या टेबलावर ताजी खडूची रेघ होती. मला दिसलं होतं ते. म्हटलं, दोघींना इस्त्र्या मिळतायत तर मिळू देत." बाईंनी तर आपलं भलंच केलं होतं. मी त्यांना त्यांच्या कॉलरची घडी कशी घालायची ते दाखवलं आणि घरी आले.

लॉजवाल्याचा निरोप आहे. महिना संपेपर्यंतच थांबेन म्हणतो.

थोरली


३० मार्च

धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुला, भाऊजींना, दोन्ही पोरांना. या वेळी पाठवून दिलाय, आता घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ.

तुझं पत्र आलं. पोस्टमनने सायकल थांबवून हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत थांबला. चारच ओळी, त्यामुळे त्याला फार थांबावं लागलं नाही. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. अक्षर मात्र तुझंच, ओळ उजवीकडे चढत जाणारं.

हिरवा दोरा, दोन गाठी म्हणजे शाळेचा शिपाई, त्याची बदली झाली, तो आता येणार नाही, शर्ट कोणालाही दे. बरं. धाकट्याला दात आले. बरं. शेवटचा हप्ता भरला, अंडीवालीला कळवलंय. तेही कळलं मला, बुधवारी साहेबांनी तुझ्या नावापुढे शिक्का मारला आणि सगळ्यांनी मान डोलावली.

आणि चौथी ओळ. 'इथे इस्त्रीचं काम बरं मिळतं, पण मीही चादरी घेत नाही.'

मी ती ओळ टेबलापाशी उभी राहून वाचली. मग खुर्ची ओढली, बसले आणि बसून जेवले. किती दिवसांनी.

दुपारी शिडी घेतली. ती जानेवारीपासून आपल्याच दाराशी उभी आहे, हे तुला एव्हाना कळलं असेलच. दोन्ही पाट्या उतरवल्या. भिंतीवर दोन पांढरे चौकोन राहिलेत. पक्कड घेऊन लाकडाची पट्टी उपटली. भाऊजी गवंडी आहेत, सुतार नाहीत, हे त्यांनी ठोकलेल्या खिळ्यांवरून कळतं. ब्लँकेटचे दोन तुकडे शिवणवालीकडून जोडून आणले. पण मधली शिवण जाड झाली, तिच्यावरून इस्त्री फिरवली की कपड्यावर रेघ उमटते. नवीन ब्लँकेट घ्यावं लागणार. रंग तू सांग, मी आणला की तुला आवडत नाही.

चपलावाल्या माय-लेकींनी दोन कर्जं घेतली. दोन पाट्याही लावल्यात, समोरासमोर. मी जाताना दोघींशी मोठ्याने बोलते, म्हणजे एकीला बोललेलं दुसरीला ऐकू जातं. आणखी काय करणार.

आणि लॉजच्या मॅनेजरला मी हो म्हटलंय. पुठ्ठा काढून टाकला. पहिलं गाठोडं पुढच्या सोमवारी येईल. बोलता बोलता माझ्या तोंडून 'आम्ही करून देऊ' असं गेलं. तो म्हणाला, आम्ही म्हणजे कोण, इथे तर तुम्ही एकट्याच दिसता. मी म्हटलं, धाकटी बाहेरगावी गेलीय.

भाऊजींची इमारत एवढ्यात पूर्ण होणार नाही, मला कळतं. मोठ्या पोराची शाळा आहे, तेही कळतं. बसने सोमवारी येऊन मंगळवारी परत जाता येतं, हे मी बसस्टँडवर जाऊन विचारून आले. उगाच, माहिती असावी म्हणून. नाहीच जमलं तर गाठोडं परत करीन आणि पुठ्ठा पुन्हा लावीन. मला सवय झालीय, असं लिहिणार होते, पण नाही झाली.

त्या पांढऱ्या शर्टाचं मात्र मी अजूनही काही कबूल करणार नाही. तो तुझ्याच बाजूला होता. तुला काय भांडायचंय ते समोर येऊन भांड. दुसरं टोक धर, आणि मग भांड.

तुझी,
थोरली